नारायणशेटांनी वितळवलेली सात नाणी

बोईसरच्या नारायणशेट पोतदारांविषयी आज तीन कथा सांगितल्या जातात आणि तिन्ही खोट्या आहेत. पहिली कथा त्यांच्या पुतण्याची. सूर्या नदीच्या वाळूतला चांदीच्या नाण्यांचा साठा आपल्या काकांनी शोधला आणि क्षणाचाही विलंब न लावता सरकारच्या स्वाधीन केला, असे तो म्हणतो. दुसरी कथा बाजारातल्या जुन्या दुकानदारांची. तिच्यात नारायणशेटांनी निम्मा साठा गिळला आणि एका गरीब मजूर बाईला पुढे केले. तिसरी कथा छापील आहे. मागच्या वर्षी आमच्या भागातल्या काही हौशी मंडळींनी काढलेल्या पुस्तिकेत ही नाणी तारापूरच्या बंदरात परदेशी गलबतांतून उतरली, असे बेधडक लिहिले आहे. खाली एका राजाचे नाव दिले आहे आणि 'पोतदार यांनी स्वतः रेखाटलेली अक्षरे' अशा मथळ्याचे एक चित्रही आहे.

पुस्तिकेच्या संपादकांना मी पत्र पाठवले. 'आपल्या भावना समजल्या' असे उत्तर आले. माझ्या कोणत्याही भावना नव्हत्या, माझ्याकडे माहिती होती. त्या वेळी मी पालघरच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होतो. या प्रकरणातली प्रत्येक जबानी माझ्या हाताने लिहिली गेली आहे. त्या खोलीत बसलेल्या माणसांपैकी, माझ्या माहितीप्रमाणे, आज मी एकटा उरलो आहे आणि माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. म्हणून हे लिहितो. नारायणशेटांवर माझे प्रेम होते असे नाही. ते प्रेम करण्याजोगे गृहस्थ नव्हतेच.

त्यांचे दुकान बोईसरच्या बाजारात, माझ्या भाड्याच्या खोलीच्या बरोबर समोर होते. दुकान म्हणजे तीन हात रुंदीची फळी, मागे भट्टी आणि भिंतीला टेकून बसलेले, ताडासारखे उंच पण कमरेत वाकलेले नारायणशेट. तोंडात फुंकणी असली की ते कोणाशीही बोलत नसत. एकदा प्रांतसाहेबांचा शिपाई समोर उभा राहून हाका मारत होता. नारायणशेटांनी काम संपवले, फुंकणी खाली ठेवली, चिमट्यातला तुकडा पाण्यात विझवला आणि मग विचारले, "काय म्हणत होतास?" कोणत्याही जिनसेला त्यांनी 'छान' म्हटल्याचे मला आठवत नाही. 'चालेल' ही त्यांची सर्वांत मोठी स्तुती होती. माझ्या लग्नातली अंगठी सैल झाली म्हणून मी त्यांच्याकडे नेली, तेव्हा त्यांनी ती कसोटीवर घासली, रेघेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, सासऱ्यांशी तुमचं बरं हाय ना?"

"का?"

"मग काय विचारू नका. सैलच बरी हाय."

चांदी मात्र ते कसोटीवर घासत नसत, जिभेला लावत. जुन्या पैंजणाची कडी जिभेच्या टोकाला टेकवून डोळे मिटायचे आणि ती कोणत्या पाण्यात, कोणत्या मातीत राहिली ते सांगायचे. लोक याची टिंगल करत. मीही करत असे, पण त्यांचे सांगणे चुकल्याचे मी एकदाही पाहिले नाही.

सोन्याच्या नियंत्रणाचा कायदा आला आणि चौदा कॅरटच्या वर दागिना घडवायला बंदी झाली, तेव्हा आमच्या भागातले अनेक सोनार धंदा सोडून गेले. काही जण चोरून घडवत राहिले. नारायणशेटांनी दोन्ही केले नाही. फळीवरचे सोने उचलून त्यांनी फक्त चांदी मांडली. सातपाटीची एक कोळीण, हिराबाई तिचे नाव, डोक्यावरची पाटी उतरवून त्यांच्यासमोर बसलेली मला आठवते. सासूची जुनी माळ मोडून तिला मुलीसाठी नवी घडवून हवी होती.

"घरी ने," नारायणशेट म्हणाले. "कायद्यानं करायची तर हिच्यात निम्मं तांबं घालावं लागेल. सासू वरून शिव्या देईल तुला."

"मग तुमी हितं बसून करता काय दिसभर?"

"वारा घालतो."

हिराबाईने माळ कनवटीला लावली आणि पाटीतून दोन पापलेटे काढून फळीवर ठेवली. "घ्या. खरं बोललात म्हणून."

नारायणशेटांनी मासा उचलून कल्ला वर केला. "कालचं हाय."

"सोनारदादा, मेल्या माश्याला बी सोडू नका तुमी. तुमची बायको जेवण वाढते ती कशी, हेच मला कळत नाय."

"वाढते. चालेल असं म्हणतो मी."

हे गृहस्थ असे होते. आता त्यांच्या कामाची एक रीत सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे आणि तिन्ही कथा सांगणाऱ्यांना ती ठाऊक नाही. अनोळखी चांदी आली की तिचा कस घेण्यासाठी त्यातला एक नग आगीत घालावा लागतो. इतर सोनार त्यासाठी मोडका, झिजलेला, कोणाला नको असलेला नग निवडत. नारायणशेट ढिगातला सर्वांत चांगला नग निवडत. त्यांचे म्हणणे असे की मोडक्या नगाचा कस मोडकाच निघतो, गिऱ्हाइकाच्या मालाला न्याय द्यायचा तर त्यातले उत्तम तेच आगीसमोर ठेवावे. ही रीत त्यांच्या वडिलांची होती. या रीतीमुळे मला ठाऊक असलेल्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाचे नुकसान झाले नाही. झाले ते एकदाच, आणि ते गिऱ्हाइकाचे नव्हते.

त्या वर्षांत घिवलीच्या बाजूला, समुद्राकाठी, अणुवीज केंद्राचे बांधकाम जोरात चालले होते. काँक्रीटसाठी लागणारी वाळू मासवणजवळ सूर्येच्या पात्रातून ट्रकांनी येई. समुद्राची वाळू खारी, ती बांधकामाला चालत नाही. पुस्तिका लिहिणाऱ्यांनी एवढी साधी गोष्ट कोणत्याही गवंड्याला विचारली असती तर गलबते आणि बंदर आणण्याचा त्रास वाचला असता. ही वाळू मोठ्या जाळ्यांवर चाळली जाई. चाळण्याचे काम बायका करत. त्यांत नगर जिल्ह्यातून नवऱ्याबरोबर आलेली कोंडाबाई नावाची एक बाई होती. नवरा काँक्रीट कालवण्याच्या कामावर होता आणि दोघे घिवलीच्या वाटेवरच्या एका झोपडीत राहत.

एका दुपारी तिच्या जाळीवर गोट्यांबरोबर काळ्या, लहान, बोटाच्या नखाएवढ्या चकत्या राहिल्या. तिने त्या वेचून कंत्राटदाराच्या मुकादमाला दाखवल्या. मुकादमाने त्या तळहातावर पसरून मोजल्या आणि परत तिच्या ओच्यात टाकल्या. "तीस हैं. घर ले जा, बच्चों को खेलने दे," असे तो म्हणाला. हे वाक्य त्याने पुढे नाकारले, परंतु शेजारच्या जाळीवरच्या दोन बायकांनी ते ऐकले होते आणि त्यांच्या जबान्या मी घेतल्या आहेत.

कोंडाबाईला मूल नव्हते. तिने एक चकती दगडावर घासली, पांढरी रेघ उमटली, आणि रविवारच्या सुटीत ती बोईसरला येऊन नारायणशेटांच्या फळीसमोर बसली. मी माझ्या पायरीवर वर्तमानपत्र वाचत होतो.

"ह्याची जोडवी व्हतील का, दादा?"

"कुठली चांदी?"

"वाळूत गावली."

नारायणशेटांनी एक चकती जिभेला लावली. "ठेवून जा. गुरुवारी ये."

ती पदराची गाठ सोडून गेली. किती होत्या हे तिने मोजले नव्हते आणि तिला फार मोजताही येत नव्हते. मी मान वर करून पाहिले तेव्हा नारायणशेट रिठ्याच्या पाण्यात एकेक चकती चोळत होते. यापुढचे मी पाहिलेले नाही. ते त्यांच्याच जबानीतून सांगतो.

चोळता चोळता त्यांना एका चकतीवर चेहरा दिसला. टोकदार नाक, मिशी आणि मागे मानेवर आलेले केस. उलट्या बाजूला मध्यभागी एक खूण आणि कडेने फिरणारी अक्षरे. ती चकती सर्वांत जड होती, सर्वांत गोल होती, म्हणून त्यांनी कसासाठी ती निवडली. चांदी उत्तम निघाली. मग जोडव्यांपुरत्या आणखी सहा आगीत घातल्या आणि त्याच बैठकीत जोडवी घडवली. उरलेल्या तेवीस चकत्या दुसऱ्या दिवशी त्यांनी उजेडात मांडल्या. भांड्यांवर नावे कोरण्याचे कामही ते करत असल्याने अक्षर ओळखता आले नाही तरी अक्षराचे वळण त्यांच्या डोळ्यांतून सुटत नसे. प्रत्येक चकतीवर कडेची थोडीथोडी अक्षरे होती. एकीवर सुरुवातीची, एकीवर मधली. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून बाकीची कडेबाहेर गेलेली. सगळ्या चकत्या एकच नाव सांगत होत्या आणि एकही पूर्ण सांगत नव्हती. ते पूर्ण नाव एकाच चकतीवर होते. ती त्यांनी चांगली म्हणून निवडली होती.

गुरुवारी कोंडाबाई आली. नारायणशेटांनी दुकान बंद केले, तिला घेऊन ते पालघरला कचेरीत आले आणि तेवीस नाणी मामलेदारसाहेबांच्या टेबलावर ठेवली. "जमिनीतलं धन हाय. या बाईला गावलं," एवढेच ते बोलले. इथपर्यंत पुतण्याची कथा बरी आहे. 'क्षणाचाही विलंब न लावता' एवढे शब्द सोडले तर.

नाणी राजाच्या चेहऱ्याची आहेत ही बातमी त्याच दिवशी घिवलीपर्यंत गेली आणि दुसऱ्या दिवशी मुकादम तक्रार घेऊन हजर झाला. नाणी बांधकामाच्या जागेत खोदताना निघाली, ती तीस होती, बाईने सात लपवली, असा त्याचा मजकूर होता. मामलेदारसाहेबांनी सर्वांना समोर उभे केले. कोंडाबाईचा नवरा दाराशी टोपी हातात धरून उभा होता.

"नाणी खोदकामात निघाली की वाळूत?" साहेबांनी विचारले.

नारायणशेट पुढे झाले. "साहेब, खाऱ्या जमिनीत राहिलेली चांदी राखेसारखी भुरभुरते. ही काळी हाय, कडेला हिरवी हाय. ही गोड्या पाण्यातली. नदीची."

"आणि तू ग? किती होती?"

"म्या मोजली न्हाई, साहेब. जेवढी गावली तेवढी समदी ह्या दादांच्या पुढ्यात वतली." तिने नारायणशेटांकडे बोट दाखवले. "इचारा त्यांना."

"काय शेट? तुम्हाला किती दिली?"

नारायणशेटांनी उत्तर द्यायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात मी लेखणी शाईत बुडवून कागदावर आणली होती.

"मी मोजून घेतली नाय," ते म्हणाले.

ते मी लिहिले. भट्टीतली राख चाळून गुंजभर चांदी वेगळी काढणारा सोनार मोजून घेत नाही, हे लिहिताना मला पुरेपूर कळत होते. मी मान वर केली नाही. माझे काम ऐकलेले लिहिण्याचे होते, आणि मी ते केले. पुतण्याने हे वाचून रागावायचे असेल तर रागवावे. त्याचे काका त्या दिवशी खोटे बोलले, आणि ते वाक्य माझ्या अक्षरात दप्तरात आहे.

मामलेदारसाहेब सावध गृहस्थ होते. त्यांनी मुकादमाला सांगितले, चार दिवसांत चौकशी पुरी करतो. सात नाणी मिळाली नाहीत तर बाईवर धन लपवल्याचा गुन्हा पोलिसांकडे जाईल. कोंडाबाई कचेरीच्या ओट्यावर येऊन बसली आणि तिचा नवरा तिला पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिला, "खरं सांग, कुठं ठिवली?" तोही तिच्यावर विश्वास ठेवत नव्हता. नारायणशेट त्यांच्या समोरून, खाली पाहत, निघून गेले.

तिसऱ्या दिवशी आम्ही मासवणला जागेची पाहणी करायला गेलो. मी, तलाठी, दोन पंच, आणि जाणकार म्हणून नारायणशेट. साठा नारायणशेटांनी शोधला, हे पुतण्याचे आवडते विधान इथे निकालात निघते. साठा शोधला तो जान्या नावाच्या वारली गड्याने. तो वाळू भरण्याच्या कामावर होता आणि त्या आठवड्यातले ट्रक कुठून भरले हे त्याला ठाऊक होते. नदी वळते तिथे दरड कापली गेली होती. जान्याने फावड्याने दोन हात माती ओढली आणि म्हणाला, "आधी हितं मडक्यावानी काय तरी लागला होता. फुटला. आमी टाकला वाळूसंगं." मातीत लहान गाडग्याचा तळ रुतलेला होता. तळाच्या मातीला आणखी दोन नाणी चिकटली होती. पंचांनी सह्या केल्या. गाडगे दरडीत, वाहत्या पाण्यापासून दूर पुरलेले होते. ते कोणीतरी मुद्दाम ठेवले होते आणि परत न्यायला आले नव्हते. का आले नाही, याविषयी पुस्तिकेत दीड पान आहे. मला त्याविषयी काही माहीत नाही आणि पुस्तिकेलाही नाही.

हे सारे चालले असता नारायणशेट एका करंजाच्या झाडाखाली बसून होते. जान्याने त्यांना पाणी आणून दिले. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "काल मुकादमाने दोन माणसे घेऊन कोंडाबाईच्या झोपडीची झडती घेतली. पिठाचा डबा अंगणात ओतून पाहिला. नवऱ्याला कामावरून कमी केले."

नारायणशेटांनी तांब्या खाली ठेवला. त्यातले पाणी ते प्यायले नाहीत. त्यांनी विचारले, "पीठ कसलं होतं?"

"बाजरीचे असावे. नगरची माणसे."

"हिकडे बाजरी मिळत नाय," ते म्हणाले. "गावाहून आणली असंल."

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी ते ओट्यावर येऊन बसले होते. कोंडाबाईही आली होती, कारण तो चौथा दिवस होता. साहेब आले, मुकादम आला. नारायणशेटांनी बंडीतून कागदाची पुडी काढली आणि चांदीची जोडवी टेबलावर ठेवली.

"सात नाणी ही," ते म्हणाले. "मी वितळवली. बाईला ठाऊक नाय. तिनं ही पाह्यली पण नाय."

मुकादम हसला. साहेबांनी त्याला गप्प केले आणि माझ्याकडे वळून सांगितले, "लिहा. सदर सोनाराने अनवधानाने..."

"ते लिहू नका, भाऊसाहेब."

साहेबांना मध्ये तोडलेले आवडत नसे. "शेट, मी तुम्हाला वाचवतोय. नाणी आहेत हे तुम्हाला कळले नाही, काळ्या चकत्या समजून आगीत गेल्या. प्रकरण मिटेल. नाहीतर तुमचे दुकान जाईल."

"कळलं होतं, साहेब. मी ते धुतलं, त्यावर माणसाचं तोंड पाह्यलं, अक्षरं पाह्यली, आन मग आगीत घातलं. चुकून नाय घातलं. पाहून घातलं. चांगलं होतं म्हणून घातलं."

"चांगले होते म्हणून?"

"आमची रीत हाय."

साहेबांना काही कळले नाही. खोलीत कोणालाच कळले नाही. मी त्यांच्या समोर राहत होतो, म्हणून मला कळले. मी विचारले, "आणि पहिल्या दिवशी मोजली नाही म्हणालात, ते?"

हा प्रश्न विचारण्याचा मला अधिकार नव्हता. साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिले. नारायणशेट म्हणाले, "तेबी लिहा. खोटं बोललो. दुकान जाईल म्हणून नाय. एवढी वर्षं या कामात, आन ढिगातलं एकच जपायचं होतं ते हातानं जाळलं, हे तोंडानं सांगवंना. आता सांगितलं."

मी शब्दशः लिहिले. अनवधान हा शब्द त्या जबानीत नाही. बाजारातल्या कथाकारांनी कागद पाहावा.

कोंडाबाईवरची तक्रार तिथेच संपली. कायद्याप्रमाणे नाण्यांचा जो मोबदला होता तो पुढे तिला मिळाला, आणि नवऱ्याला साहेबांच्या शब्दावर कामावर परत घेतले. नारायणशेटांना कडक ताकीद मिळाली. दुकान राहिले. जोडवी मात्र साठ्याचाच भाग म्हणून नाण्यांबरोबर मुंबईच्या संग्रहालयाकडे रवाना झाली. पुडीवर लाखेची मोहोर मीच केली.

आम्ही बाहेर आलो तेव्हा कोंडाबाई पायरीवर उभी होती. नारायणशेट तिच्यासमोर थांबले. ते माफी मागतील असे मला वाटले होते.

"चार दिस लागलं तुमाला, दादा," ती म्हणाली.

"लागले."

"माझ्या मालकानं चार दिस माझ्या हातचं पानी घेतलं न्हाई."

नारायणशेटांनी तिच्या नवऱ्याकडे पाहिले. तो दुसरीकडे बघत होता. "आता घेईल," ते म्हणाले.

"घिऊ दे न्हाईतर नको. मलाच आता दिऊ वाटंना," असे म्हणून ती चालू लागली. नवरा मागून गेला. बांधकाम संपल्यावर ही माणसे कुठे गेली, मला माहीत नाही.

आता पुस्तिकेतल्या त्या चित्राविषयी. संग्रहालयातले एक विद्वान गृहस्थ काही महिन्यांनी बोईसरला आले होते. तरुण, विनयशील, उन्हाने लाल झालेले. नाणी क्षत्रप या प्राचीन राजांच्या धर्तीची आहेत, पण राजाचे नाव कोणत्याही नाण्यावर पुरे नाही, असे त्यांनी सांगितले. नारायणशेटांनी पाहिलेले पूर्ण नाणे त्यांना आठवत असेल तर त्यांनी अक्षरे काढून द्यावीत, एवढ्यासाठी ते आले होते. त्यांनी फळीवर कागद आणि पेन्सिल ठेवली. मी तिथे होतो.

नारायणशेटांनी पेन्सिल उचलली. कागदावर टोक टेकवले. मग एकही रेघ न ओढता त्यांनी ती परत ठेवली.

"दिसतात," ते म्हणाले. "डोळे मिटले की अजून दिसतात. पण मला ती वाचता येत नाय, आन मी नावं कोरणारा माणूस. हाताला सवय लागलेली असते. एखादं वळण माझं पडेल, तुमी राजाचं समजाल."

"साधारण आकार दिला तरी चालेल."

"तुमाला चालेल," नारायणशेट म्हणाले.

ते गृहस्थ रिकाम्या कागदानिशी परत गेले. संग्रहालयाचे जे पत्र कचेरीत आले ते आवक-नोंदीत मी घेतले आहे. 'नाव वाचता येत नाही' असे त्यात स्पष्ट आहे. मग पुस्तिकेतली 'पोतदार यांनी स्वतः रेखाटलेली अक्षरे' कोठून आली? संपादकांनी मला कळवले की ती 'परंपरेने उपलब्ध' आहेत. मी त्यांना लिहिले की माझ्यासमोर जो कागद कोरा राहिला तो त्यांच्यापर्यंत परंपरेने भरलेला कसा पोचला, याचा खुलासा करावा. अद्याप उत्तर नाही.

गिऱ्हाइके कमी झाली का, असे मला काही जण विचारतात. झाली. राजाचे धन जाळणारा, असे काही बायका म्हणत. सातपाटीच्या बायका येत राहिल्या. हिराबाईने बाजारात मोठ्याने सांगितले होते, "येक चूक केली, पण तोंडानं वकली. तुमच्यातला कोण वकला आजवर?" नारायणशेटांनी हे ऐकले की नाही ठाऊक नाही. तेव्हा त्यांच्या तोंडात फुंकणी होती.

माझी बदली झाली तेव्हा त्यांचा निरोप घ्यायला मी गेलो नाही. तेही आले नाहीत. आमच्यात तसे काही नव्हते.

शेवटचे त्यांना पाहिले ते त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, वाड्याहून पालघरला येताना. मनोरच्या नाक्यावर एस.टी. पंधरा मिनिटे थांबली होती. भर दुपार होती. माझ्या खिडकीसमोर, रस्त्याच्या कडेला, नारायणशेट आणि एक म्हातारा वारली पालघरच्या गाडीची वाट पाहत उभे होते. गाडीत जागा नव्हती आणि वाहकाने त्यांना दुसरी गाडी पाहायला सांगितले होते. म्हाताऱ्याच्या पायाला नदीची ओली वाळू होती. त्याने नारायणशेटांना काही विचारले, बहुधा सावलीत उभे राहू म्हणाला असावा, कारण पलीकडे चिंचेखाली बरीच माणसे बसली होती. नारायणशेटांनी मान हलवली. ते रस्त्यावरच, सर्वांना दिसतील असे उभे राहिले. त्यांचा उजवा हात छातीच्या उंचीवर, अंगापासून वीतभर पुढे होता आणि मूठ मिटलेली होती. एका माणसाने जाता जाता विचारले, "काय शेट, हात दुखावला?"

"नाय," ते म्हणाले. "दोन नग हायत. ह्याला गावलेत. कचेरीत चाललोय."

गाडी सुटली तरी त्यांनी मूठ खाली घेतली नव्हती.